मनुकांचा वास

चर्चमधल्या प्रभुभोजनात येशूच्या रक्ताची खूण म्हणून सगळ्यांना घोटभर रस देतात; त्या रसासाठी काळ्या मनुका उकळायला ठेवल्या, की त्यांचा आंबटगोड वास घरभर पसरतो आणि माझा जीव अजूनही कासावीस होतो.

नवरा सोडून गेला त्या वर्षीची गोष्ट. कोल्हापुरातल्या आमच्या चर्चमध्ये रसाच्या चिमुकल्या पेल्यांचा ट्रे माझ्यापुढं आला. मी तो तसाच पुढं सरकवला. मनात नवऱ्यासाठी नुसत्या शिव्या भरल्या होत्या. असल्या मनानं कसं घ्यायचं? शेजारी बसलेल्या रूथमावशींनी ट्रे मध्येच अडवला; तेव्हा चर्चचा रस त्याच करायच्या.

"घे की गं!" त्या कुजबुजल्या. त्यांची कुजबुजही मागच्या बाकापर्यंत ऐकू जायची.

"मन साफ न्हाय माझं, मावशी. बरी झाले की घेईन."

"औषध काय बरं झाल्यावर घेत्यात व्हय?"

सगळी रांग माझ्याकडं बघत होती. बाईनं चारचौघांत माझी अब्रू काढली, असंच तेव्हा वाटलं. रागारागात मी पेला उचलला आणि घशात ओतला.

आता मावशी नाहीत, रस मीच करते. शिव्या कमी झाल्यात, संपल्या नाहीत. रविवारी चर्चच्या वाटेवर अजून वाटतं, माघारी फिरावं. ट्रे समोर येतो तेव्हा मी आजारीच असते. आणि घेते.