सात फुटाचा धावणारा अन् माही मिशी

माह्या वरच्या ओठाकडे पाहून राह्यले ना? पाहा, पाहा. चहा थंडा झाला तरी चालन, पण आधी पाहून घ्या. इथी एके काळी मिशी होती. लहानसहान नाई, दोन्ही टोकाले लिंबू ठेवून घ्या अशी. ती कशी गेली ते सांगतो. हसू नका असं म्हणणार नाई, कारण तुमी ऐकणार थोडेच!

नागपूर राजधानी होती तेव्हाची गोष्ट. मी ब्रह्मपुरीच्या बाजूले एका हायस्कुलात भूगोल शिकवत होतो. खेळाचं खातं माह्याकडे काऊन आलं? मिशीमुळं. हेडमास्तर म्हणाले, असा माणूस मैदानावर शोभते. झालं. मी आयुष्यात कधी गाडी सुटून राह्यली म्हणूनसुद्धा धावलो नोतो.

पण एक गुण होता बरं माह्यात. कोणता पोट्टा कशात पहिला येईन, हे मी आधीच सांगून टाकत होतो. चिमूरचा लांब उडीवाला, सिरोंच्याचा भालेवाला, गडचिरोलीचा गोळा फेकणारा, सगळ्यांच्या कुंडल्या मले तोंडपाठ. दरवर्षी चांद्याले, म्हणजे आताच्या चंद्रपूरले, जिल्ह्याचे सामने असले का सगळ्या शाळांचे मास्तर माह्याभोवती जमत. सांगा मास्तर, औंदा कोण? मी मिशीवर हात फिरवून सांगत होतो. अर्ध्या वेळी खरं निघे. उरलेल्या अर्ध्या वेळी लोक जेवायच्या गडबडीत विसरून जात.

त्या वर्षी माह्याजवळ सुकरू होता. तलावावर मासोळ्या धरणाऱ्या लहानूभाऊचा पोरगा. दिसाले बारकासा, खांद्याची हाडं मोजून घ्या. पण अर्धा मैल धावाले लागला का बाकीचे पोट्टे धुळीतच राहत. तो लहानपणापासून बांधीच्या धुऱ्यावर धावलेला. धुरा म्हणजे धानाच्या दोन बांध्यांमधला, दोन खाचरांमधला, हातभर रुंदीचा मातीचा बांध. आमच्याकडे पोराले चालता येऊ लागलं का पहिली गोष्ट शिकवतात, पाय धुऱ्यावरच पडला पाहिजे. धानात पडला तं शेतवाला पाठ सोलून काढते.

लहानूभाऊले मात्र हे धावणं पटत नोतं. तो मले एकदा म्हणाला, "गुरुजी, मासोळी काई धावून धरता येत नाई जी. याचा उपयोग काय?" मी त्याले समजावलं. चांद्याले पहिला आला तं पोट्टा नागपूरले जाईन, मोठ्या सामन्यात. लहानूभाऊनं लय विचार केला अन् मंग फैसला सांगितला. नागपूरले गेला तं मॅट्रिकपर्यंत शिकू द्या. नाई गेला तं शाळा बंद. मोठं जाळं ओढाले त्याले हात कमी पडून राह्यले होते.

म्हणजे पाहा, पोट्ट्याची सगळी शाळा त्या अर्ध्या मैलावर टांगलेली. हे मले माहीत, त्यालेबी माहीत. म्हणून मी कडक नियम केला. शर्यतीच्या आधी दोन दिवस सुकरूनं एक पाऊल धावायचं नाई. नुसतं खायचं अन् पडून राहायचं. मले वाटे, ताकद अशी साचत जाते, रांजणात पाणी साचते तशी.

छोट्या गाडीनं, म्हणजे अरुंद रुळाच्या आगगाडीनं, आमी चांद्याले पोचलो. लहानूभाऊबी संगं आला, फैसला आपल्या डोळ्यानं पाहाले. शाळेच्या खोलीत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, टाकून झोपायची सोय. तिथले व्यायामाचे मास्तर, डोंगरे मास्तर, म्हणजे भलताच कडक माणूस. त्यांनी मैदानावर दोरी धरधरून चुन्याच्या रेघा मारल्या होत्या, अन् सगळ्यांना उभं करून ताकीद दिली. शर्यतीच्या आधी जो त्या चुन्यावर पाय ठेवीन, त्याचं नाव सामन्यातून कटलं म्हणून समजा.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी लोटा घेऊन निघालो. कशाले ते विचारू नका, चहा पिऊन राह्यले तुमी. थंडी अशी का दात वाजून राह्यले, अन् धुकं असं का हातातला लोटाच काय तो दिसे. मैदानाच्या कडेनं जाता जाता मले पावलांचा आवाज आला. थांबलो. पाहतो तं काय, बाप्पा!

धुक्यातून एक गडी आला. डोक्याले, कानाले पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, पाय उघडे. अन् धावते कसा! मी भूगोलाचा माणूस, नद्या कशा वाहतात ते शिकवणारा. त्या पहाटे मले पह्यल्यांदा वाहणं काय असते ते समजलं. दम नाई, धाप नाई, हाताचा झटका नाई. अन् मैदान एवढं मोठं मोकळं, पण तो धावे त्या चुन्याच्या रेघेवर. बरोबर रेघेवर! वळणावरसुद्धा पाय तसूभर इकडं नाई का तिकडं नाई. एक फेरा मारला, धुक्यात गेला, परत आला, परत गेला. मी उभाच. लोट्यातलं पाणी कधीचं सांडून गेलं होतं.

खोटं कशाले बोलू, माह्या डोळ्यात पाणी आलं. असं काई आपल्या डोळ्यानं दिसन, असं वाटलंच नोतं. अन् मंग सुकरू आठवला. हा जर उद्या अर्धा मैल धावला, तं माह्या सुकरूची शाळा गेली.

आता तुमच्या ध्यानात आलं असन. माह्या नाई आलं. काऊन का मी सुकरूले नेहमी धुऱ्याच्या एका टोकावर बसून पाहत होतो. तो दूर जाताना ठिपका दिसे, अन् जवळ येईपर्यंत मले डुलकी लागे.

खोलीवर आलो तं सगळे पोट्टे घोरून राह्यले, एकटा सुकरू चादर पांघरून बसलेला. कपाळावर घाम. मी विचारलं, एवढ्या थंडीत घाम काऊन बे? म्हणाला, चादर जाड आहे जी. मले बिचाऱ्याची दया आली. वाटलं, काळजीनं घाम फुटला.

मंग मी काय करावं? गप राहावं का नाई? पण ज्याले आधी सांगायची सवय, त्याच्या पोटात गोष्ट राहते कशी! मी सांगितलं. पोट्टेहो उठा, मी उद्याचा पहिला आत्ताच पाहून आलो. सहा फूट उंच. मांड्या सागाच्या. वाऱ्याले मांगं टाकते. सगळे उठून बसले.

सुकरू हळूच म्हणाला, "कुठी पाह्यला जी?"

"मैदानावर. आत्ताच."

"मैदानावर? मले तं कोणी नाई दिसला."

"तुले कसा दिसन बे? तू तं इथी पडून होता."

तो खाली मान घालून बसला. मी म्हटलं, घाबरू नको, तू दुसरा येशीन. असा धीर देणारा मास्तर तुमी पाह्यला आहे काय कुठी?

दुपारच्या जेवणापर्यंत माह्या गड्याची उंची साडेसहा फूट झाली होती. पंगतीत सगळे मास्तर बसले, अन् कोणीतरी विचारलंच, सांगा मास्तर, औंदा कोण? मी गोळा सांगितला, भाला सांगितला, लांब उडी सांगितली. अर्ध्या मैलाची पाळी आली तसा मी पत्रावळीवरून हात उचलला. त्या गड्याचं वर्णन करता करता तो सात फुटाचा झाला. मले थांबताच येईना हो! पाह्यलेलं एवढं मोठं होतं का शब्द लहान पडून राह्यले होते. गडचिरोलीचे मास्तर म्हणाले, कायबी सांगता. तशी माही मिशी थरथरली. भरल्या पंगतीत म्हटलं, "तो उद्या पहिला नाई आला, तं ही मिशी इथीच काढून देईन."

डोंगरे मास्तर वाढता वाढता थांबले. त्यांनी मले शांतपणे विचारलं का हा गडी तुमाले दिसला कुठी? मी सांगितलं, मैदानावर, चुन्याच्या रेघेवर. ते वरणाची बादली तिथीच ठेवून गेले. परत आले ते लाल होऊन. सगळ्या रेघेवर उघड्या पायाचे ठसे!

"मास्तर, ओळखाल ना त्याले?"

"हजारात ओळखीन," मी म्हटलं.

झालं! संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सगळ्या शाळांत पोचली. सात फुटाचा, पांढऱ्या दुपट्ट्याचा गडी डोंगरे मास्तरले पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर पाहतो तं काय? एवढी थंडी, पण साऱ्या जिल्ह्यातल्या एकाबी पोट्ट्याच्या डोक्याले दुपट्टा नाई. चांद्याच्या पोरांपासून सिरोंच्याच्या पोरांपर्यंत सगळ्यांचे कान उघडे, लाल, अन् दात वाजून राह्यले. सुकरूनं तं आपला दुपट्टा तणसाखाली दाबून ठेवला होता. मले वाटलं, बाकीच्यांचं पाहून ठेवला.

अर्धा मैल म्हणजे मैदानाले दोन फेरे. शिट्टी वाजली. सगळे सुटले, अन् माहा सुकरू मांगं वळून पाहते! दहा पावलं धावते अन् मांगं पाहते, परत धावते अन् बाजूले पाहते. मधल्या घोळक्यात अडकला. लहानूभाऊ माह्या शेजारी उकिडवा बसलेला. म्हणाला, गुरुजी, हा काय हरवलं ते पाहून राह्यला? मी काय सांगू? तो सात फुटाच्या गड्याले शोधून राह्यला होता. मीबी शोधूनच राह्यलो होतो म्हणा.

पहिला फेरा संपला तेव्हा सुकरूच्या पुढं पाच-सहा जण होते. लहानूभाऊनं उठून धोतर झटकलं. म्हणजे संपलं त्याच्या लेखी. पोट्टा उद्यापासून जाळ्यावर.

अन् तेवढ्यात सुकरू घोळक्यातून बाहेर निघाला अन् आतल्या रेघेवर आला. रेघेच्या आत गेला तं बाद, पण रेघेवर धावला तं कोणी काय म्हणन? पाय चुन्यावर पडले तसे त्याचे खांदे सैल झाले. मान सरळ झाली. वळण आलं, अन् पाय तसूभर इकडं नाई का तिकडं नाई.

माह्या हातातली टोपी खाली पडली. तेच वाहणं होतं ते. धुकं नोतं, दुपट्टा नोता, पण तेच. माह्या धुऱ्यावरचा पोट्टा चुन्याच्या रेघेले धुरा समजून धावून राह्यला होता, अन् एक एक गडी मांगं पडून राह्यला होता. असं धावणं पाहताना ओरडायचंच राहून जाते हो. तो चार हात पुढं काढून पहिला आला.

अन् थांबलाच नाई! दोरी छातीवर घेऊन तसाच तिसऱ्या फेऱ्याले लागला. आमी सगळे मांगं धावलो. मीसुद्धा, आयुष्यात पह्यल्यांदा. पकडून आणला तं म्हणते, "सोडा जी गुरुजी, तो अजून आलाच नाई!"

लहानूभाऊनं खांद्यावरचा शेला काढला अन् त्याचा घाम पुसला, पायापर्यंत पुसला. मंग मले म्हणाला, नागपूरले जायले गाडी कोणती जी? अन् तोंड फिरवून उभा राह्यला.

मी तोंड उघडलंच होतं. भरल्या मैदानात ओरडून सांगणार होतो का पाहा, माहा गडी तो हाच, मी सांगितलं तसा पहिला आला! तेवढ्यात समोर डोंगरे मास्तर.

"बोला मास्तर. पहाटे चुन्यावर कोण होता? नाव सांगा, आत्ता काटतो."

मी सुकरूकडे पाह्यलं. त्यानं पायाची बोटं मातीत रुतवली होती. लहानूभाऊ अजून पाठमोराच. मी तोंड बंद केलं. मंग परत उघडलं अन् म्हटलं का तो इथी कुठी दिसून नाई राह्यला. गेला असन आपल्या गावाले.

गडचिरोलीचे मास्तर तं याचीच वाट पाहून राह्यले होते. म्हणाले, म्हणजे पहिला यायचं सोडा, तुमचा गडी धावलाच नाई? सारे मास्तर एका सुरात म्हणाले, मिशी. मैदानाच्या कडेले आंब्याखाली न्हावी बसला होता. लहानूभाऊनं आरसा धरला. सगळ्यात जास्त त्यालेच वाईट वाटून राह्यलं होतं, बिचारा. म्हणे, गुरुजी, तुमी खोटं कशाले सांगितलं जी?

विचार करा! आयुष्यातलं सगळ्यात मोठं भाकीत शंभर टक्के खरं निघालं, अन् त्याच्यासाठीच मिशी गेली.

परतताना छोट्या गाडीत लहानूभाऊले झोप लागली. माह्या ओठाले गार वारा लागून राह्यला होता. पोट्टा मात्र कोपऱ्यात तोंड पाडून बसलेला. मले राहवेना. कानाशी जाऊन म्हटलं, "सुकरू, भिऊ नको. मी धुक्यात पाह्यला तो तूच होता."

त्यानं आपल्या काडीसारख्या पायाकडे पाह्यलं. माह्या बोडक्या ओठाकडे पाह्यलं. अन् मले समजावत म्हणाला, "मिशीचं मनाले लावून घेऊ नका जी गुरुजी. धावलो मीबी, खरं आहे. पण तो सात फुटाचा होता, तुमीच सांगितलं. मले दिसला नाई, एवढ्या जोरात बाजूनं गेला असन."