पावनखिंडीपर्यंत अनवाणी

"हलू नगंस," म्हणत मी श्रीपालचा पाय मांडीवर दाबून धरलता आणि सेफ्टी पिननं टाचेतला काटा काढालतो. मसाई पठारावर ऊन तापलतं. वाळल्या गवताची कुसळं त्याच्या पोटऱ्यांत घुसलीती आणि जांभ्या दगडानं तळवे सोलून निघालते. यशराज बाजूला उभा राहून पाणी पीत हुता, मुद्दाम घटाघटा आवाज काढत.

"घे की घोटभर," यशा म्हणला.

"उद्या," श्रीपाल म्हणला.

"उद्यापतूर जिवंत ऱ्हायलास तर."

"न्हाय ऱ्हायलो तर माझ्या वाटणीचं तू पी."

पन्हाळ्यावरनं निघतानाच त्यानं आम्हाला सांगितलतं. चातुर्मास संपलाय, गावात मुक्कामाला असलेला जैन मुनी महाराजांचा संघ आता चालत कर्नाटकात जाणार, आणि त्याला त्यांच्याबरोबर जायचं हाय. कायमचं. दुकान न्हाय, घर न्हाय, आम्ही न्हाय. पण आधी अंगात तेवढा दम हाय का बघतो म्हणला. पावनखिंडीपर्यंत अनवाणी चालायचं, दिवसातनं एकदाच जेवायचं, पाणीबी तवाच काय ते. पुरं झालं तर संघात जाणार. मधी चप्पल घातली न्हाईतर गाडीत चढला, तर गप घरला येऊन दुकान बघणार.

आम्हा दोघांनाबी तो जायला नगं हुता. मी त्याच्या चपला माझ्या सॅकला बाहेरनं बांधल्यात्या, सारख्या डोळ्यांपुढं ऱ्हाव्यात म्हणून.

श्रीपाल म्हणजे उचगावातला पाइप-फिटिंगवाला. वडील गेल्यावर कॉलेज सोडून गल्ल्यावर बसला. मी नववीत शाळा सोडली तवा घरात कोण माझं तोंड बघत नव्हतं. ह्यानं का सोडलीस म्हणून विचारलंच न्हाय. म्हणला, "उद्यापास्नं दुकानात ये. एल्बो कुठला आणि सॉकेट कुठला ते कळंपर्यंत शिव्या खायच्या." शिव्या देणार तोच, आणि त्याला एक शिवी येत न्हाय. लईच राग आला की "अरे माणसा" म्हणायचा, बास. गोदामात विंचू निघाला की मी पायतान उचलायचो, आणि हा त्याला पाइपच्या तुकड्यात घेऊन रानात सोडून यायचा. एकदा तसाच नेताना विंचू चावला. आधी विंचू सोडून आला, मग दवाखान्यात गेला. गिऱ्हाइकालाबी सांगायचा, "पावणं, हे स्वस्तातलं नगा नेऊ, उन्हाळ्यात फुटतंय." अशानं धंदा हुतोय व्हय? पण व्हायचा.

असल्या माणसाला कुठल्या तोंडानं सांगायचं, जाऊ नगंस म्हणून?

वाटंत वाडीवर मुक्काम पडला. सकाळी एका मावशीनं बिनकांद्याचं पिठलं आणि भाकरी केली. श्रीपाल जेवला, तांब्याभर पाणी पिला, की त्या दिवसाचं त्याचं संपलं. दुपारनंतर त्याची जीभ जड व्हायची. मग यशा त्याच्याशी जास्तच बोलायचा. उत्तर देऊन देऊन घसा सुकावा, हा त्याचा डाव.

पांढरपाण्याच्या पुढं डांबरी रस्ता लागला आणि तिथं एक बोलेरो उभी हुती. यशानं मलकापुरातनं मावसभावाला बोलावून घेतलता. दार उघडून तो वाकून म्हणला, "चला महाराज. आत एसी हाय."

श्रीपाल रस्त्याकडंच्या दगडावर बसला. ओठ फुटलते. एका पायाच्या अंगठ्यातनं रक्त यालतं. त्यानं गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"गुंड्या, काय करू रं?"

आजपर्यंत त्यानं मला कधी काय विचारलं नव्हतं. यशा त्याच्या मागनं मला गप ऱ्हा, गप ऱ्हा म्हणून खुणा करालता. मी फक्त तोंड मिटून ऱ्हायचं हुतं.

पण मला ते बघवंना. माझा दोस्त मान खाली घालून गाडीत चढणार, आणि मग जन्मभर गल्ल्यावर बसून तेच आठवत ऱ्हाणार. मी म्हणलं, "ऊठ. एवढं आलास ते काय गाडीत बसायला?"

"येड्या, तोंड बंद ठेव की," यशा वरडला.

श्रीपाल माझ्याकडं बघत ऱ्हायला. मग उठला. मी त्याचा हात माझ्या खांद्यावर टाकून घेतला. खिंडीच्या पायऱ्या उतरताना त्याचं सगळं वजन माझ्यावर हुतं. यशा दोघांच्या सॅक घेऊन मागनं आला.

खाली खडकातनं पाणी झिरपत हुतं. श्रीपालनं त्यात पाय ठेवले. पिला न्हाय. "झालं," म्हणला.

"व्हय. झालं," मी म्हणलं.

यशा चहाच्या टपरीवरबी रील करतोय, पण तिथं त्यानं खिशातनं मोबाईल काढला न्हाय. परत येताना गाडीत श्रीपालच्या चपला माझ्या पायापाशी पडल्यात्या.

संघ निघाला तवा आक्का, त्याची आई, वेशीपर्यंत चालत गेली. मी दुकानाच्या पायरीवरच उभा ऱ्हायलो. पांढऱ्या कपड्यात तो पुढनं गेला. सगळ्यांना जोडले तसे मलाबी हात जोडले. माझे हात खिशातनं निघालेच न्हाईत.

आता दुकान मी आणि त्याची बहीण आदिती बघतोय. यशा त्या बाजूला फिरकत न्हाय. रस्त्यात भेटला तर मान वळवतोय.

परवा माल लावताना आदिती सहज बोलून गेली. पन्हाळ्याला निघायच्या आदल्या दिवशी श्रीपालनं इचलकरंजीच्या व्यापाऱ्याला फोन करून पुढच्या महिन्याचा सगळा माल सांगून ठेवलता. आक्का म्हणली, "तू जाणार म्हणतोस, मग एवढा माल कुणाला?"

तर हसून म्हणलता, "जातोय कुठला, आक्का. यशा गाडी बोलावणार, आणि गुंड्या मला उचलून आत बसवणार."