माईक बिघडलेला नव्हता

अखिल-ठाकूरद्वार-मंडलभूषण, ध्वनिक्षेपणधुरंधर, खरखरनादनिवारक, तारागुंफननिपुण, चहाद्वयप्राशनपटू, वाडीतील यच्चयावत् सत्यनारायण, हळदीकुंकू व बक्षीस समारंभांचे निःशुल्क ध्वनिसेवक, श्रीमान मोहनराव उपाख्य मोन्या यांना जाऊन आज एक वर्ष झाले.

आणि मी प्रचंड घाबरलेलो आहे.

वरची बिरुदावली वाचून जे हसले, त्यांचे आभार. एकटा मोन्या हसला नसता. त्याने विचारले असते, "किती घाबरलायस रे?"

खुलासा करतो.

आमच्या वाडीत वीस-बावीस वर्षे सूत्रसंचालन माझ्याकडे आणि माईक-स्पीकर मोन्याकडे असे. प्रमुख पाहुण्यांना मी लावलेली विशेषणे पंचक्रोशीत विख्यात आहेत. एका निवृत्त पोस्टमास्तरांना मी 'पत्रप्रेषणपुरंदर' म्हटले, तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

लोकांना वाटते, ही विद्वत्ता आहे.

ही भीती आहे.

नऊ वर्षांपूर्वी गणपतीत पाककला स्पर्धेचा निकाल वाचत होतो. अकस्मात छातीत धडधड सुरू झाली. बोटे बधिर. समोरच्या खुर्च्या दूर दूर जाऊ लागल्या. श्वास घशाशी अडला. मनात एकच सुस्पष्ट वाक्य: मी आत्ता, या सर्वांसमक्ष, मरणार.

जिव्हा मात्र चालू होती. थांबलो असतो तर लोकांना कळले असते. म्हणून तृतीय पारितोषिकाच्या मानकरी काकूंना मी विशेषणांवर विशेषणे लावत सुटलो. 'पाकशास्त्रपारंगत, मोदकमंडनमर्मज्ञ...'

पाचव्या विशेषणाला माईक बंद पडला.

मोन्या टेबलामागून ओरडला, "सॉरी हं मंडळी, वायर गेली. दहा मिनिटं. पंडित, तू ये रे इकडे, धरायला."

मंडपामागे त्याने माझ्या हातात वायरचे भेंडोळे दिले.

"गुंडाळ. कोपर ते अंगठा, कोपर ते अंगठा. घाई नको."

"मोन्या, मला अटॅक आलाय."

"असेल. पहिल्या रांगेत आपले डॉक्टर बसलेत, आणतो. तोवर गुंडाळ."

डॉक्टरांनी तपासले. दुसऱ्या दिवशी कार्डिओग्राम झाला. हृदय सर्वथा निर्दोष. मला किंचित अपमानच वाटला.

पुढे तेच ऑफिसच्या लिफ्टमध्ये झाले. मग न्हाव्याच्या खुर्चीत, अर्धी दाढी झालेली असताना.

'घाबरू नकोस' म्हणणारे पुष्कळ भेटले. 'एवढा विनोदी माणूस तू, तुला कसली अँग्झायटी?' असेही म्हणाले. त्यांचे प्रेम मला मान्य आहे. उपयोग शून्य.

मोन्या म्हणाला, "अॅम्प्लिफायर तापला तर आपण त्याला बोल लावतो का? पंखा लावतो. तरी तापला, तर झाकण उघडणाऱ्याकडे नेतो. चल."

"मानसोपचारतज्ज्ञाकडे? तिथे कोणी ओळखीचं दिसलं तर?"

"तर सांग, मोन्याचं डोकं फिरलंय, मी सोबत आलोय."

दादरच्या त्या दवाखान्यात माझी फाइल तो स्वतःच्या मांडीवर घेऊन बसायचा. समोर खरोखरच एकदा वाडीतले एक आजोबा आले. मोन्याने त्यांना स्वतःच्या निद्रानाशाची सविस्तर माहिती दिली. हा मनुष्य स्पीकरला टेकूनसुद्धा झोपत असे.

त्यानंतर वाडीत माईक सहा वेळा बिघडला.

सहाही वेळा तो ठणठणीत होता.

आता जे लिहायचे आहे, ते लिहिताना बोटे पुन्हा बधिर होत आहेत.

दोन वर्षांपूर्वी समितीच्या बैठकीत आमचे चिटणीस पेडणेकर यांनी ठराव मांडला, की मोन्याचा माईक नको, साउंड बाहेरून मागवावा. मोन्या समोर बसला होता. मीही होतो. इतिवृत्त मीच लिहीत होतो.

मी लिहिले, 'ध्वनियंत्रणा वारंवार सदोष आढळल्याने...'

माझ्या सुवाच्य अक्षरात.

मोन्याने वाचले. सही केली. जिना उतरताना म्हणाला, "सदोष. चांगला शब्द आहे."

मी म्हणालो, "मी सांगतो सगळ्यांना. उद्या सांगतो."

"माझ्यासाठी नको सांगूस. तुला जमेल तेव्हा सांग."

मला जमले नाही. आठ वर्षे ज्या हृदयविकाराचे मला भय होते, तो त्याला झाला.

आज सायंकाळी सहाला वाडीत त्याची स्मृतिसभा आहे. सूत्रसंचालन अर्थातच माझ्याकडे. टेबलामागे तो नसेल. तरी मी सांगणार आहे: माईक सदोष नव्हता. मीही नव्हतो. मी आजारी होतो आणि उपचार घेत होतो. अजूनही घेतो.

सकाळी शुभावहिनींकडे गेलो, मोन्याच्या पत्नीकडे. आधी त्यांना सांगणे क्रमप्राप्त होते. त्या शांतपणे पोहे परतत होत्या.

"मला माहीत होतं भावजी. 'बिघडलेला' माईक घरी आणून त्यावरच गाणी म्हणायचे हे."

मी खुर्ची ओढून बसलो.

"बोला तुम्ही आज," त्या म्हणाल्या. "फक्त विशेषणं कमी लावा."

वाडीकरांना नम्र विनंती: सभेत मी तिसऱ्या विशेषणापुढे गेलो, तर कोणीतरी उठून माझ्या हातात वायर द्या. मोन्याचे भेंडोळे मी सोबत आणतो आहे, पहिल्या खुर्चीवर ठेवीन. 'घाबरू नका' कृपया म्हणू नका. शेजारी उभे राहा. गुंडाळून होईपर्यंत.

मोन्या, येतो रे सहाला. तुझ्या नावामागे आज काहीही लावणार नाही.

ता. क. बाहेरून मागवलेल्या नव्या बिनतारी माईकचे बंद करायचे बटण अडकलेले आहे. सोमवारपासून पेडणेकरांना तीनदा सांगितले. म्हणतात, "चालू आहे ना? मग बंद कशाला करायचाय?" हे लिहीपर्यंत कोणीही बघायला आलेले नाही.