गुंडूअण्णाचे तीन मृत्यू

गुंडू कडोलकर मला प्रथम दिसला तेव्हा बंगळूरच्या मल्लेश्वरममधली वाहतूक जागच्या जागी थांबली, समोरच्या देवळातली घंटा आपोआप वाजली आणि आमचा पेटीवाला चंद्रकांत आयुष्यात प्रथमच सुरात आला. निदान तालमीला जमलेल्या बायका ज्या नजरेनं दाराकडे बघत होत्या, त्यावरून असंच काहीतरी घडलं असावं. मला विचाराल तर, बेळगावकडचा एक बुटका माणूस पत्र्याचा मुकुट घेऊन दारात गुणगुणत उभा होता.

गुंडू पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथ चालवायचा. मुकुट माझ्यासाठी होता. आमचं मंडळ गणपतीत दरवर्षी जुन्या संगीत नाटकांची टर उडवणारं नाटक करी. ते मी लिही, मी बसवी आणि राजाही मीच होई. आठ वर्षांच्या राज्यात मला टाळ्या मिळाल्या, हार मिळाले, एकदा डोक्यावर पडदा पडल्यामुळे सहानुभूतीही मिळाली. वन्स मोअर मात्र एकदाही नाही. ९३ साली तो मिळवायचाच, म्हणून तिसऱ्या अंकात मी स्वतःसाठी एक जबरदस्त पद लिहून ठेवलं होतं.

मुकुट बसेना, तेव्हा गुंडूनं खिशातून मापाची पट्टी काढून माझं डोकं मोजलं. "डोस्कं मोठं हाय साहेब. पत्रा कमी पडला," तो गंभीरपणे म्हणाला. सगळे हसले आणि त्याला सेनापती करून मोकळे झाले.

पंधरा दिवसांत तो सगळ्यांचा गुंडूअण्णा झाला. तालमीत त्यालाच गायला सांगायचे. माझी बायको सुनंदा त्याला न मागता दुसरी कॉफी देई. आमच्या घरात हा मान माझ्या साहेबांनासुद्धा मिळालेला नाही.

मग मी लेखकाला शोभेल असं केलं. त्याला मारून टाकला. पहिल्याच अंकात बाण, एक पद आणि मृत्यू. बातमी सांगताना मी चेहरा पाडला होता. त्याची गरज नव्हती.

"मरतो की हो," तो म्हणाला. "पाठांतर तेवढंच कमी."

प्रयोगाला हॉल भरला होता. गुंडूला बाण लागला. तो आडवा झाला आणि गाऊ लागला,

बाण रुतला छातीत, हाय!
कॉफी निवली, आता काय?

काय गायला मेला! आणि खरंच मेला. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "वन्स मोअर!" हा आवाज मी ओळखत होतो. गेली एकोणीस वर्षं तो मला कोथिंबीर आणायला सांगतो आहे.

आता संगीत नाटकाचा कायदा असा, की वन्स मोअर आला तर मेलेल्यानंही उठायचं, गायचं आणि पुन्हा मरायचं. गुंडूनं एक डोळा उघडला.

"साहेब, उठू का?"

हॉल हशानं कोसळला. राजा मी होतो. मला म्हणावंच लागलं, "ऊठ."

तो उठला, धोतर झटकलं, गायला आणि पहिल्यापेक्षा छान मेला. पुन्हा वन्स मोअर. या खेपेला काखेतला बाण निसटला. त्यानं तो शांतपणे उचलला, छातीशी धरला आणि तिसऱ्यांदा प्राण सोडला. बायका डोळे पुसत होत्या. मी सिंहासनावर गप्प बसलो होतो, कारण 'राजा शोकाने स्तब्ध' असं मीच लिहून ठेवलं होतं.

हॉल आठपर्यंतच मिळाला होता. वॉचमननं दुसऱ्या अंकात दिवे घालवले. तिसरा अंक झालाच नाही.

परतताना रिक्षात सुनंदा म्हणाली, "सेनापती गेल्यावर तुम्ही अगदी खरं रडलात हो."

रडलो होतोच. कारण तिला सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी गुंडूचा कारखाना तिकडे तमिळनाडूत होसूरला गेला आणि मंडळानं नाटकाऐवजी ऑर्केस्ट्रा ठेवला.