विहिरीला परवाना लागत नाही

पत्र्याचा डबा पाण्यावर तरंगतो तो पत्र्यामुळे नव्हे, आत कोंडलेल्या हवेमुळे. ती हवा जोवर आत आहे तोवर डबा पाठीला बांधलेलं मूल बुडत नाही. आमच्याकडे पोहायला शिकण्याची सगळी व्यवस्था या एका वाक्यावर उभी होती. गोडेतेलाचा रिकामा चौकोनी डबा, तोंड कथलाने झाळून बंद केलेलं, सुती दोरीने पाठीला आवळलेला.

माझे वडील डोंबिवलीतल्या एका शाळेत शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते. दर मे महिन्यात ते शाळेच्या मैदानावर उन्हाळी शिबिर भरवत. लेझीम, कवायत, मल्लखांब, आणि शेवटच्या आठवड्यात शिळफाट्याच्या रस्त्यावरच्या एका गावात, ओळखीच्या शेतकऱ्याच्या विहिरीत पोहणं. नव्वदीची सुरुवात होती. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत होते, पुढे संशोधनातच जायचं हे नक्की होतं, आणि सुट्टीत शिबिरातल्या मुलांना विज्ञानाचे प्रयोग दाखवत असे.

एप्रिलमध्ये वडील प्रत्येक डबा शाळेच्या टाकीत दाबून धरत. बुडबुडा आला की तो डबा बाद. त्या वर्षी मात्र उद्घाटनाला आमदार येणार होते, म्हणून मुलांच्या गटांप्रमाणे डबे लाल, निळे, पिवळे रंगवून मैदानाच्या कडेला रचून ठेवले होते. ओळीत छान दिसत होते. रंगाने गंज झाकला गेला, आणि नव्या दिसणाऱ्या वस्तूला पाण्यात बुडवून पाहावं असं कोणाच्या मनात आलं नाही.

आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारी, चौथीत जाणारी एक मुलगी त्या शिबिरात होती. वडील नव्हते. आई कळव्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाई, त्यामुळे सुट्टीत मुलीने दिवसभर राहायचं कुठे, याचं उत्तर शिबिर हेच होतं. तिला निळा डबा मिळाला होता.

ती ओरडली नाही. बुडणारं माणूस ओरडत नाही, कारण ओरडायला लागणारी हवाच त्याच्याकडे नसते. हे मला नंतर वाचून कळलं. मी विहिरीच्या काठावर टॉवेल घेऊन उभी होते आणि मला एवढंच दिसलं, की निळा डबा तिरका झाला, मग त्याचा एक कोपराच वर राहिला. वडील पाण्यातच होते, दुसऱ्या मुलाला हात मारायला शिकवत. त्यांनी मान वळवली, दोन हातांत तिच्यापर्यंत पोहोचले आणि तिला केसांनी धरून वर काढलं. पायरीवर पालथी घातली. नाकातोंडातून पाणी आलं, मग खोकला, मग रडणं.

"सगळ्यांनी वर या," वडील म्हणाले. "कोकम सरबत घ्या."

विहिरीचा मालक शेतकरी काठावर बसून सगळं पाहत होता. तो हसला. "सर, पोरीची भीती गेली आता. आता ती कंदी बुरनार नाय."

मुलं हसली. थोड्या वेळाने तीसुद्धा हसली. दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा विहिरीवर गेले.

तिला वाचवलं त्या संध्याकाळी तिची आई पेढे घेऊन आमच्या दारात उभी राहिली. "सर, तुम्ही होतात म्हणून हो. दुसरं कोणी असतं तर माझी पोर गेली होती."

वडिलांनी एक पेढा उचलला आणि पुडा माझ्याकडे दिला. मीही एक घेतला. पेढा ताजा होता. एवढंच जाणवल्याचं आठवतं.

रविवारी मी तो निळा डबा आमच्या मोरीतल्या पिंपात दाबला. झाळीच्या कोपऱ्यातून बारीक बुडबुड्यांची माळ निघाली. कारण सरळ होतं. डबा उन्हात तापतो, आतली हवा प्रसरण पावते, छिद्रावरचा रंगाचा पापुद्रा फुटतो. मग डबा विहिरीच्या गार पाण्यात जातो, हवा आकुंचन पावते आणि छिद्रातून पाणी आत ओढलं जातं. मी हे वडिलांना सांगितलं. ते पिंपाजवळ उभे राहून बुडबुडे थांबेपर्यंत पाहत राहिले.

"कळलं," म्हणाले, आणि डबा भंगारवाल्याला देऊन आले. वरच्या मजल्यावर याबद्दल कोणी काही बोललं नाही. ते नाही, मी नाही.

मुलांना घेऊन पाण्यावर जायचं तर सरकारचा काहीतरी नियम असणार, असं मी गृहीत धरलं होतं. रसायनांच्या बाटलीला नियम असतो, विजेच्या खांबाला असतो. म्हणून मी चौकशीला निघाले. पोलीस चौकीतल्या हवालदारांनी विचारलं, "लाऊडस्पीकर आहे?"

"उद्घाटनाला असतो."

"मग त्याचा परवाना काढा. मिरवणूक?"

"नाही. पण मुलं विहिरीत उतरतात."

"उतरू दे की. आम्हीपण उतरायचो."

वॉर्ड ऑफिसात मंडपाची परवानगी मिळत होती. ठाण्यात, टेंभी नाक्याच्या पुढे एका कचेरीत, शाळेचं काम पाहणारे साहेब भेटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "सुट्टीत शाळा बंद, म्हणजे शिबिर शाळेचं नाही. शाळेचं नाही म्हणजे आमचं नाही."

"मग कोणाचं?"

"बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. कशाला मागून नियम लावून घेता? उद्या नियम आला की तुमच्याच वडिलांना दहा फेऱ्या माराव्या लागतील."

उलट तर्क मला सुचला नाही असं नाही, पण तो त्यांच्या टेबलावर मांडण्यासारखा नव्हता. जो परवाना अस्तित्वातच नाही तो मोडल्याचा गुन्हाही कोणावर नसतो. कोणी विचारणारं नव्हतं, याचा अर्थ वडील सुरक्षित होते. मुलगी नव्हती.

पुढच्या वर्षी नियम मीच लिहिले. एक पानभर, मराठीत, सायक्लोस्टाइल करून. पाण्यात एका मोठ्या माणसामागे किती मुलं, काठावर दोर, डबा आदल्या दिवशी बुडवून तपासायचा, आणि खाली ‘पाल्याला पोहायला पाठवत आहे’ अशी ओळ व पालकांची सही. वडिलांनी वाचलं. "इतकी वर्षं शिकवलं, एकालाही काही झालं नाही," ते म्हणाले.

"यावरून काहीच सिद्ध होत नाही, बाबा."

त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या नावनोंदणीच्या टेबलावर तो गठ्ठा त्यांनी स्वतःच आणून ठेवला.

विहिरीतल्या प्रसंगाने एकही नाव कमी झालं नव्हतं. ते या कागदाने झालं. "सही कशाला?" कोपरहून आलेले एक गृहस्थ म्हणाले. "बुडेल, दोर, तपासणी, शुभ कामाआधी हे काय अभद्र?"

त्यांच्या मागचे म्हणाले, "सत्यनारायणाला बसताना कोणी मृत्युपत्र करतं का, सर? आमचा तुमच्यावर विश्वास आहे. कागद राहू द्या."

काहीजण विचार करून सांगतो म्हणाले आणि परतले नाहीत. वडील प्रत्येकाला तेच सांगत होते, "वाचा आणि मग ठरवा."

तिची आई कारखान्यातून थेट आली, हातात जेवणाच्या डब्याची पिशवी. मुलगी आता पाचवीत जाणार होती. आईने पेन उचललं आणि न वाचताच टेकवलं. "सर आहेत, मला काय बघायचंय."

"वहिनी, वाचा आधी," मी म्हटलं.

ती वाचू लागली, बोट ओळीवरून फिरवत, हळूहळू. एका ओळीवर बोट थांबलं.

"डबा आदल्या दिवशी बुडवून बघणार," ती म्हणाली. "म्हणजे गेल्या वर्षी बघितला नव्हता?"

प्रश्न मला होता. उत्तर वडिलांनी दिलं. "नव्हता."

"दरवर्षी बघत नाही?"

"दरवर्षी बघतो. त्या वर्षी रंग दिला होता, म्हणून राहिलं. डब्याला छिद्र होतं."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. मागे रांगेत कोणीतरी खाकरलं. मुलगी आईची पिशवी ओढत होती.

"मग मी आभार कशाचे मानले, सर?"

तिने आवाज चढवला नाही, कागदही परत केला नाही. मुलीला मे महिन्यात ठेवायला दुसरी जागा नव्हती, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. तिने पेन पुन्हा उचललं, पोहण्याच्या ओळीवर एक आडवी रेघ मारली, खाली सही केली आणि विचारलं, "मैदानावर सकाळी किती वाजता सोडायचं?"

"सातला," वडील म्हणाले.

ती गेल्यावर त्यांनी टेबलावरून उरलेला गठ्ठा घेतला. पट्टीने नाही, हातानेच, त्यांनी प्रत्येक कागदावर त्याच ओळीवर रेघ ओढायला सुरुवात केली. मी एकेक कागद सरकवत गेले. रांगेतल्या पुढच्या बाईंनी विचारलं, या वर्षी विहीर नाही का.

"नाही," ते म्हणाले, मान वर न करता.