आरशावरची वाफ

"जरा हसा बरं," असं म्हटल्याशिवाय आमचे डॉक्टर कुणालाच ओळखत नसत.

पनवेलच्या बाजारात भर गर्दीत तुम्ही त्यांना नमस्कार करा, ते कोऱ्या नजरेनं बघत राहायचे. मग हे वाक्य यायचं. तुम्ही हसलात की त्यांचा चेहरा उजळायचा. "अरे, तुम्ही होय! उजवीकडची दाढ काय म्हणते?" नाव, आडनाव, जात, गल्ली यांतलं काही त्यांच्या लक्षात राहायचं नाही. दात मात्र एकदा पाहिले की पाहिले. हसू नका, तुमच्याही ओळखीचे असे लोक असतील. मी घड्याळजी. माझंही लक्ष आधी माणसाच्या मनगटाकडे जातं.

माझं दुकान त्यांच्या दवाखान्यासमोर होतं, मध्ये फक्त रस्ता. स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी ते गावात आले. एकटा जीव. रोगी नसला की खुर्ची उचलून माझ्याकडे यायचे आणि घड्याळाच्या पोटात डोकावत बसायचे. रोगी असला की मला तिकडचा आवाज ऐकू यायचा. "आ करा. झालं, झालं." काम सुरू व्हायच्या आधीच झालं. रोगी विव्हळत असायचा आणि हे आपले 'झालं, झालं' करत असायचे. त्यांचा छोटा लांब दांड्याचा आरसा ते तोंडात घालण्याआधी दिव्यावर धरायचे. तसं केलं नाही तर श्वासाच्या वाफेनं तो धुरकट होतो, हे त्यांनीच मला सांगितलं.

एका दुपारी जासईकडून एक बैलगाडी आली आणि दवाखान्यासमोर थांबली. गाडीत मिठागरावर काम करणारा एक तरणा मुलगा आडवा होता, उशाशी त्याची आई. पाठोपाठ मामा चालत आलेला. मुलाच्या पायात पंधरवड्यापूर्वी खिळा गेला होता. आता दातखीळ बसली होती. दातांचं दुखणं म्हणून त्यांनी गाडी थेट दातांच्या डॉक्टरकडे आणली होती. वाटेत सरकारी दवाखाना लागला, तिथे थांबलेसुद्धा नाहीत.

मी धावत गेलो. त्या मुलाचा चेहरा मला आजही विसरता येत नाही. तो हसत होता. ओठ ताणलेले, दात घट्ट मिटलेले, भुवया वर गेलेल्या, आणि डोळ्यांत नुसती भीती. डॉक्टर त्या हसण्याकडे बघत राहिले. पहिल्यांदाच मी त्यांना दातांवरून नजर हटवून माणसाच्या डोळ्यांकडे बघताना पाहिलं.

"हा धनुर्वात आहे," ते म्हणाले. "माझं काम नव्हे हे. आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात चला."

मामानं कासरा हातात घेतला तोच मुलाचं अंग कमानीसारखं ताठलं. तसंच राहिलं बराच वेळ. मग एकदम सैल पडलं. डॉक्टरांनी मनगट धरलं, छातीला कान लावला, पुन्हा मनगट धरलं.

"गेला, बाई," ते म्हणाले.

आई रडली नाही. तिनं पदरात बांधून आणलेलं तुळशीचं पान काढलं. "दोन दिस त्याच्या तोंडात पान्याचा थेंब नाय. दात उघडलंच नाय त्याचं. डागतर, तुमी उघडा. माजा पोर तान्हेला जाईल."

मरताना तोंडात पाणी पडलं नाही, तर तहान जिवाबरोबर जाते, ही तिची समजूत. तिला आता मुलगा मागायचा नव्हता, एवढंच मागायचं होतं. डॉक्टरांना नाही म्हणवलं नाही. मी माझ्या दुकानातून पाण्याचा पेला आणला. त्यांनी मुलाच्या हनुवटीवर अंगठा ठेवला आणि सवयीनं, अगदी हळू आवाजात म्हणाले, "आ करा. झालं, झालं."

तोंड उघडलं.

आईनं पान ठेवलं, पाणी सोडलं. आणि मुलाचा कंठमणी वर गेला, खाली आला.

"प्याला," आई म्हणाली. आता तिला रडू फुटलं. "प्याला माजा पोर." मामानं तिला सावरलं, मुलावर चादर ओढली आणि गाडी जासईच्या वाटेला लागली.

डॉक्टर पायरीवर उभे होते. गाडी वळणाआड गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुम्ही पाहिलंत?"

"हो. प्याला तो," मी म्हणालो.

"मेलेला माणूस गिळत नाही," ते म्हणाले. चूळ भरा म्हणून सांगायचे त्याच आवाजात. मग कोटाच्या खिशातून तो छोटा आरसा काढून त्याच्याकडे बघत राहिले. नाकाशी धरला असता तर वाफ दिसली असती, किंवा नसती. धरला नव्हता, एवढं खरं.

जासईपर्यंत यायला टांगेवाला मिळेतो दिवस कलला, मग ते तिकडे धावले. पोचले तेव्हा चिता पेटलेली होती. आई त्यांच्या पाया पडली. आपण कशासाठी आलो हे ते तिला सांगू शकले नाहीत. परत आल्यावर मला एवढंच म्हणाले, "मी बराच वेळ कान देऊन उभा होतो." मला त्याचा अर्थ विचारायचा धीर झाला नाही.

तेव्हापासून त्यांनी आरसा गरम करणं सोडलं. रोगी खुर्चीत बसला की आरसा त्याच्या नाकाखाली धरायचे आणि काच धुरकट होईपर्यंत हलायचे नाहीत. "दात दुखतोय डॉक्टर, जिवंत आहे मी अजून," असं एका व्यापाऱ्यानं म्हटलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. डॉक्टर हसले नाहीत. हळूहळू लोकांना त्या खुर्चीची भीती वाटायला लागली. कधी कधी रिकाम्या दवाखान्यातून "आ करा, आ करा" असं ऐकू यायचं. पुढचं 'झालं' मात्र यायचं नाही. मी हातातलं घड्याळ खाली ठेवून वाट बघायचो. त्या माणसाचा मला फार लळा होता, पण मी कधी रस्ता ओलांडून आत गेलो नाही.

एका सकाळी दवाखान्याला कुलूप दिसलं. ते कुठे गेले हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

पुढे ती जासईची बाई आली. डॉक्टरांसाठी मिठाची पिशवी घेऊन आली होती. कुलूप बघून माझ्या दुकानाच्या पायरीवर टेकली.

"डागतर नाय?"

"गेले, मावशी. गाव सोडलं त्यांनी."

"देवमानूस होता. त्याच्यामुलं माजा पोर तान्हेला नाय गेला. आता मला झोप लागते." मग तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. "पेला तुमीच आनला होता ना? बगितलंत ना तुमी, प्याला ना तो?"

"हो, मावशी," मी म्हणालो. "प्याला. मी पाहिलं."

ती समाधानानं उठली, मीठ माझ्याकडे ठेवून बंदराच्या रस्त्यानं निघून गेली. डॉक्टरांनाही मी हेच सांगितलं होतं.