ठिपका थांबेपर्यंत

साळवे सर गेले, त्याला आता महिना होईल. त्यांच्या मुलाचा फोन आला. ‘झोपेतच गेले, त्रास झाला नाही,’ तो म्हणाला. वाईट वाटलं, रडलेही... पण डोळ्यांपुढं आला तो त्यांचा मिस्कील चेहराच.

साठच्या दशकात दौंडला आमचं कॉलेज नवं होतं आणि भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा रुळांच्या अगदी जवळ. मालगाडी गेली की टेबलं हलायची आणि वीजप्रवाह मोजणाऱ्या गॅल्व्हानोमीटरच्या आरशावरून पट्टीवर पडणारा उजेडाचा ठिपका थरथरायला लागायचा. आम्ही भलते हुशार! पुस्तकातलं उत्तर बघून उलट्या गणितानं आकडे भरायचो. सर वही उचलून म्हणायचे, ‘वा, काय आलेख आहे! घरी फ्रेम करून लावा. इथं मात्र ठिपका थांबेल तेव्हाच वाचायचा. तोवर हात मागं.’ मग सगळा वर्ग हात पाठीमागे घेऊन गाडी जायची वाट बघत उभा. दौंडसारख्या जंक्शनला हे म्हणजे निम्मा वेळ उभंच राहणं.

इंटरच्या प्रॅक्टिकल परीक्षेला माझे वडील, आबा, वरवंडहून सोबत आले होते. पास झाले तर पुण्याला शिकायचं, नाहीतर लग्न, असं घरात ठरलेलं. नेमक्या त्या दिवशी गाड्यांवर गाड्या. मी आपली उभी. बाहेरून आलेले परीक्षक वैतागले, ‘अहो, अंदाजे लिहा, वेळ संपतोय.’ मी ‘ठिपका हलतोय, सर,’ एवढंच म्हणाले. साळवे सर खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांना बोलायची मुभा नव्हती. निम्मेच आकडे लिहून मी उत्तरपत्रिका दिली आणि बाहेर येऊन आबांजवळ रडले.

थोड्या वेळानं सर आले. आबांनी हात जोडले.

‘सर, पोरगी पास व्हईल का?’

‘ते माझ्या एकट्याच्या हातात नाही, आबा. पण जे दिसलं नाही ते तिनं लिहिलं नाही. याहून जास्त मला शिकवता येत नाही.’

आबा बाजारात गूळ विकायचे. म्हणाले, ‘काटा हलत आसताना वजन सांगणाऱ्याला आमी दारात उभं करत न्हाई.’ मग माझ्याकडं न बघता सरांनाच विचारलं, ‘पुण्यात पोरींच्या ऱ्हाण्याची सोय कुठं आसती वो?’

सर हसले. तिथंच पायरीवर बसून त्यांनी आबांना सगळं नीट समजावून सांगितलं. माझा निकाल अजून लागायचा होता.